पंचवीस अंश

सर प्रयोगशाळेत आले की आधी उलटा हात जुन्या फ्रिजच्या पाठीवर ठेवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. "चालू आहे," म्हणायचे, आणि मगच आमच्याकडे वळायचे. हाच त्यांचा नमस्कार.

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात ते जीवरसायन शिकवत. त्या फ्रिजच्या तारा स्वतः जोडून त्यांनी तो पंचवीस अंशांवर बांधला होता. आत यीस्ट. पाव फुगवणारंच, पण सहा वर्षं खपून त्यांनी त्यातलं एक वेगळं वाण हुडकलं होतं.

"पेशीत चूल असते, मायटोकॉन्ड्रिया," ते सांगत. "त्या चुलीची आपली वेगळी पोथी असते, डीएनएची. एक एन्झाइम ती पोथी उतरवून लेकीले, म्हंजे नव्या पेशीले, देते. माह्या वाणाचं एन्झाइम गरमीत हात टेकते. मंग लेक पोथीबिगर जन्मते. मरत नाई, खुरटी राह्यते. अन् गेलेली पोथी आपसूक परत येत नाई."

"मग असलं दुबळं वाण जपायचं कशाला?" मी एकदा विचारलं.

"बिघडलेलं यंत्रच सांगते बाबू, ते काय काम करत होतं."

मी तेव्हा विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचो. सर एखादं घेऊन उजेडात धरत. "शाई लय तापली तुही," म्हणत आणि घडी करून खिशात ठेवत.

त्या एप्रिलात परीक्षेच्या हॉलमध्ये त्यांनी एका ठेकेदाराच्या पोराच्या बाहीतून चिठ्ठ्या काढल्या आणि तसा अहवाल दिला. तो मागे घ्या म्हणून सरांच्या घरी ठेकेदाराची माणसं आली. "पाह्यलं ते लिवलं," सर म्हणाले. "आता डोये परत घेऊ काय?"

दुसऱ्या दिवशी भरदुपारी प्रयोगशाळेत चौघे आले. पहिला फटका सायकलच्या चेनचा, सरळ सरांच्या तोंडावर. दोघांनी मला भिंतीशी दाबलं. एकाने सरांचा उजवा पंजा टेबलावर धरला, चौथ्याने लोखंडी स्टँड उचलून बोटांवर घातला. तीनदा. मग त्यांनी कपाटातल्या, सुकवल्यामुळे गरमी न बाधणाऱ्या, वाणाच्या सगळ्या जुन्या नळ्या फरशीवर आपटल्या. सर एका हाताने काचांतून सरपटत होते. फ्रिजकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. सकाळीच सरांनी नव्या खाद्यावर वाण उतरवून आठ नळ्या आत वाढायला ठेवल्या होत्या. आता तेवढंच वाण उरलं होतं.

ऑटोत त्यांचं रक्त माझ्या सदऱ्यावर गळत होतं. "चालू आहे नं?" त्यांनी विचारलं. "हो, सर."

संध्याकाळी आम्ही कॉलेज बंद पाडलं. मारेकऱ्यांना अटक होईपर्यंत एक दिवाही लागणार नाही, हे वाक्य माझं. मेन स्विच मीच खाली ओढला, फ्यूज खिशात घातले.

"सरायचा फ्रिज बी बंद पडन नं," शिपाईकाका म्हणाले.

"लढ्यात अपवाद नसतो, काका."

चार दिवस आम्ही फाटकावर बसलो. ऊन त्रेचाळीसवर. रोज दवाखान्यात जायचो, रोज सर सुजलेल्या ओठांतून विचारायचे, "चालू आहे नं?" मी त्यांना आंदोलनाचं सांगायचो, आणि शेवटी म्हणायचो, "हो, सर."

पाचव्या दिवशी चौघांना अटक झाली. आम्ही घोषणा देत फाटक उघडलं, मी फ्यूज बसवले.

प्लॅस्टर घालून सर थेट प्रयोगशाळेत आले. डावा हात फ्रिजच्या पाठीवर ठेवला. आठही नळ्यांतलं यीस्ट त्यांनी डाव्या हाताने ताटल्यांवर ओढलं. तीन दिवसांनी त्यावर ठिपके उगवले. सगळे खुरटे, टाचणीच्या टोकाएवढे. मोठा एकही नाही.

"संकर करून वाण पुन्हा बांधता येईल ना?" मी विचारलं.

"येते. दोन हात लागतात." बोटं कधी वळणार नाहीत, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं होतं.

मी खाली मान घालून फ्यूजचं सांगितलं.

"ठावं आहे. काका पयल्याच दिवशी सांगून गेलते."

"मग मला बोलला का नाहीत, सर?"

"इचारत तर होतो," ते म्हणाले. "रोज."

पुढच्या वर्षी निवृत्त होऊन ते समुद्रपूरकडे, आपल्या गावी गेले. मी आता त्याच प्रयोगशाळेत कामाला आहे. सकाळी कुलूप काढलं की माझा उलटा हात फ्रिजच्या पाठीवर जातो. तो चालू असतो. आत काही नाही.