मागे ठेवलेलं बी

दिवाळी सरली की खालापूरच्या डोंगरकुशीतल्या वाडीवरची कातकरी माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जात. बुधीही जाई, नवऱ्यामागे, डोक्यावर गाडगी-मडकी घेऊन. एक गोष्ट मात्र ती कधी नेत नसे, ती म्हणजे वरीचं बी. ते वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून, घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या सासूच्या चुलीवर धुरात टांगलेलं असे. बी मागे राहिलं की पाय आपोआप परत वळतात, असं वाडीत मानत. जो बी सोबत नेतो तो कायमचाच गेला. हातावर पोट असलं तरी आपण मूळ उपटत नाही, याचा बुधीला थोडा ताठाही होता.

एका वर्षी वाटेत खोपोलीला मुक्काम पडला. घाटावरून पाण्याचे मोठे नळ खाली आणायचं काम चाललं होतं आणि मजुरांची खोपटं दाटीने उभी होती. विस्तव मागायला बुधी एका खोपटात डोकावली. आत बायजा नावाची घाटावरची कुणबीण चुलीशी बसली होती आणि तिच्या डोक्यावर, धुरात, तुंबा टांगलेला होता.

“बी संगं आणलंस गं?” बुधीच्या तोंडून निघून गेलं. “म्हंजे गाव टाकूनच आलीस. रोजगारापायी?”

बायजाने विस्तव उचलून तिच्या खापरीत घातला. “मागं कुणापाशी ठिवू? घर, शेत, समदं धरणाच्या पान्यात गेलं. गावदेवीबी बुडाली. आता त्येच पानी खाली आणाया आमी माती वाहतो.”

बुधीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या हंगामात भट्टी लिंपतानाही तिला तो तुंबा दिसत राही. आपण भुकेपायी घर सोडतो, शिव्या देत सोडतो, पण घर जागेवर असतं. बायजाला तर कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. बघणाऱ्याचं काय, तो दोघींनाही मजुरणीच म्हणणार.

मृगाच्या आधी परतताना ती मुद्दाम त्या खोपटाशी थांबली. तुंबा तसाच होता, कारण बायजाकडे पेरायला हातभर जागा नव्हती. आणखी एक पावसाळा असाच गेला तर हे बी उगवायचं नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

“दे माज्याकडं,” बुधी म्हणाली. “डोंगराच्या उतारावर माजी दळी हाय, जमिनीचा तुकडा. त्यातला कोपरा तुज्या वरीला.”

कातकरणीच्या हाती बी द्यायचं म्हणून बायजा जराशी घुटमळली. मग तिने तुंबा उतरवला.

दसरा झाल्यावर, भट्ट्यांवर निघायच्या आधी, बुधी भरलेला तुंबा घेऊन खोपोलीला आली. बायजाने मूठभर वरी तळहातावर घेतली, हुंगली आणि गाव सुटल्यापासून पहिल्यांदाच रडली. रडायलाही तिला गावचं धान्य लागलं. बुधी शेजारी टेकून राहिली.

डोळे पुसून बायजाने निम्मं बी काढलं आणि बुधीच्या पदरात बांधलं.

“हे माघारी ने. तुज्या सासूच्या चुलीवर टांग.”

“कशाला गं? तुजं हाय ते.”

“म्हणूनच. माजंबी कायतरी कुठंतरी मागं असू दे.”

त्या वर्षी बुधी भट्ट्यांवर निघाली तेव्हा सासूच्या चुलीवर धुरात दोन तुंबे टांगलेले होते.