हे पडले!

न्हाणीघरात घसरून पडल्यापासून हे घरातसुद्धा माझा दंड धरूनच चालत. काल ज्युडोच्या वर्गात आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना न लागता पडायला शिकवत होते. ह्यांची पाळी आली आणि माझा हात आपोआप पुढे गेला.

"काकू, धरू नका," शिकवणारी मुलगी म्हणाली. "काका, हनुवटी छातीशी घ्या आणि पडताना हात गादीवर आपटा."

हे मागे कलंडले. धाडकन आवाज झाला. मी डोळेच मिटले.

"अगं, काहीच लागलं नाही!" हे आडव्यानेच ओरडले.

त्यांची भीती माझ्याही अंगात किती मुरली होती, ते मला तेव्हा कळलं.

"काकू, आता तुम्ही!"

मी पदर खोचला. मला हसू फुटलं, आणि मी स्वतःला मागे झोकून दिलं.