दोन खोकी, दोन टिकल्या

दोन खोक्यांची ती चूक मटिल्डा मॅडमची नव्हती. माझी होती.

काल सकाळी मॅडम गेल्या. चहा मागितला आणि तो यायच्या आत गेल्या.

तेव्हापासून आमच्या जुन्या लॅबच्या ग्रुपवर फुलं आणि जोडलेले हात येतायत. मध्येच एकाने लिहिलं, "मॅडमची ती फेमस दोन खोकी आठवली." खाली बऱ्याच जणांनी हसरे चेहरे टाकले.

प्रेमानेच लिहिलंय, कळतं मला. पण मला हसरा चेहरा टाकता आला नाही.
म्हणून हे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डॉ. मटिल्डा माझ्या पीएचडीच्या गाइड. खारदांड्याच्या. घरी मराठी, चर्चमध्ये मराठी, आणि चिडल्या की तर फक्त मराठी. अंधेरीच्या एका लॅबमध्ये आयुष्यभर एकाच प्रश्नामागे होत्या. एका पेशीच्या दोन होताना तिला कसं कळतं, की आता थांबायचं आणि आता पुढे जायचं?

पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "प्रोटीनला टिकली लागते गं. फॉस्फेटची. लागली की ते कामाला लागतं, निघाली की बसून राहतं. आपण त्या टिकल्या शोधायच्या, बस."

स्वतः जन्मात कधी टिकली लावली नाही. पण लॅबच्या ड्रॉवरमध्ये स्टेशनबाहेरून आणलेली टिकल्यांची पाकिटं कायम. लाल, मोठ्या, ठसठशीत.

त्याला कारण होतं.

पेशी फोडली की आतली काही एन्झाइम्स त्या फॉस्फेटच्या टिकल्या भराभर काढून टाकतात. त्यांना रोखायला द्रावणात आधीच इनहिबिटर घालावा लागतो. तो दिसतो पाण्यासारखा. घातला की नाही, बघून कोणाच्या बापाला कळत नाही.

म्हणून मॅडमची पद्धत: इनहिबिटर घातला, की त्या ट्यूब्सच्या खोक्याच्या झाकणावर खरी टिकली चिकटवायची.

नवीन पोरं हसायची. महिन्याभरात तीच पोरं टिकल्या संपल्या म्हणून बोंबलायची.

एके दिवशी मी त्या द्रावणाच्या ट्यूब्सची दोन खोकी भरली. टिकल्या हाताशी होत्या, म्हणून आधीच दोन्हींवर लावून टाकल्या. शहाणपणा, दुसरं काय!

पहिल्या खोक्यात इनहिबिटर घातला. तेवढ्यात भांडुपहून आईचा फोन. गॅसवाला आलाय, पुस्तक कुठे ठेवलंयस?

परत आले. दोन्ही झाकणांवर टिकल्या दिसल्या. दोन्ही खोकी फ्रीजरमध्ये ठेवून दिली.

एका औषधाने पेशीतल्या टिकल्यांचं काय होतं, ते मी तेव्हा बघत होते. पुढचे सहा महिने साध्या पेशी फोडायला पहिल्या खोक्यातलं द्रावण, आणि औषध दिलेल्या पेशी फोडायला दुसऱ्यातलं. प्रयोग तीनदा केला. तीनदा तेच. औषध दिलं की प्रोटीनची टिकली गायब!

मॅडम इतक्या खूश झाल्या होत्या. रिटायर होण्याआधीचं शेवटचं लेक्चर त्यांनी यावरच ठेवलं.

मग दुसरं खोकं संपलं. मी नवीन बनवलं, आणि प्रोटीनची टिकली परत आली. औषध दिलं तरी जागच्या जागी.

मला तिथल्या तिथे कळलं काय झालं होतं. तरी अकरा दिवस गप्प बसले.

लेक्चरला दोन दिवस उरले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. मॅडम सोड्याचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा भात खात होत्या.

"मॅडम, दुसऱ्या खोक्यात इनहिबिटर नव्हताच."
"टिकली होती ना?"
"टिकली आधी लावली होती."

त्यांनी डबा बंद केला.

"कधी कळलं तुला?"
"अकरा दिवस झाले."
"अकरा दिवस! आणि मी येडी इकडे स्लाइड्स सजवतेय."

एवढंच बोलल्या. उरलेला भात तसाच राहिला.

मला वाटलं लेक्चर रद्द करतील. नाहीतर विषय तरी बदलतील.

पहिलीच स्लाइड दोन खोक्यांच्या फोटोची होती. मॅडमनी भरल्या हॉलमध्ये अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, हे नेमकं कोणाच्या हातून झालं?

"टिकलीची आयडिया माझी. चूकही माझी," मॅडम म्हणाल्या.

हॉल खळखळून हसला.

मी मागून तिसऱ्या रांगेत होते. उठायला हवं होतं. पीएचडीची वाट लागेल, पुढे नोकरी कोण देईल, हेच डोक्यात. नाही उठले.

त्यानंतर मॅडम कुठेही गेल्या की कोणीतरी विचारायचंच, "काय मॅडम, टिकली लावली का?" त्याही हसायच्या.

एकदा मी म्हटलं, "मॅडम, सांगू का सगळ्यांना?"
"आधी पीएचडी होऊ दे."

पीएचडी झाली. पुन्हा विचारलं.
"नोकरी लागू दे गं."

नोकरी लागली.
मग मी विचारलंच नाही.

याची मला लाज वाटते. चुकीपेक्षा कितीतरी जास्त.

आज सकाळी मुलुंडला कॉलेजात बीएस्सीच्या मुलांचं प्रॅक्टिकल होतं. रजा घेतली नाही. मॅडमनी झापलं असतं.

मुलांना दोन खोक्यांची गोष्ट सांगितली. टिकलीवर सगळे हसले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅम, मग ती स्टुडंट कोण होती?"

"मी," म्हटलं.

मग पुढचं शिकवलं.

इनहिबिटर घातला. ट्यूब्स मोजल्या. टिकली सगळ्यात शेवटी लावली.

ग्रुपवरच्या मित्रांनो, यापुढे तो किस्सा जरूर सांगा. फक्त त्यात नाव माझं घाला. सुप्रिया, भांडुपची.

मॅडम, चार वाजता खारदांड्याला येतेय, तुम्हाला माती द्यायला.
उठायला उशीर केला मी. माफ करा.
आता शांत झोपा.