परबांनी न गिळलेली गोळी

परबांचं बीपी एकशे नव्वद. खालचं एकशे दहा. आधीच दोन गोळ्या लिहून दिल्या होत्या. तिसरी लिहायला पेन उचललं आणि मला शंका आली.

“परब, गोळ्या घेता ना?”

“रोज, मॅडम. बाहेर बसलीय ना, आमची ही, तीच देते हातावर.”

“हातावर देते. पोटात जाते का?”

परब पवईच्या एका ऑफिसात लिफ्ट सांभाळतात. भांडुपच्या माझ्या दवाखान्यात आले की गप्पांना खंड नसतो. आज खाली मान. मग पुटपुटले, “कॅरम खेळणारे मित्र म्हणतात, बीपीच्या गोळीने पुरुषाची रात्रीची वाट लागते. म्हणून बंद केल्या.”

“लागली का?”

“तुम्ही बाई माणूस, तुम्हाला कसं...”

“मी डॉक्टर आहे हो! बोला.”

“लागली. गेल्या शिमग्यापासून.”

“आणि गोळ्या कधी सुरू केल्या आपण?”

“गणपतीनंतर.”

“मग गोळी आधीच येऊन वाट लावून गेली?”

मला रागच आला. म्हटलं, बीपी वाढलेलं राहिलं की रक्तवाहिन्या खराब होतात. तिथल्या बारीक, म्हणून त्या आधी बोंब मारतात. पुढचा नंबर हृदयाचा, मेंदूचा. काही गोळ्यांनी हा त्रास होतो, खरंय, पण मग गोळी बदलता येते. मनानेच बंद केलीत तर एक दिवस पॅरालिसिस!

रागावले की माझा आवाज चढतो, आणि केबिन प्लायवूडची. बाहेर बसलेल्या पेशंटांची बडबड एकदम थांबली. दार ढकलून परबवहिनी आत आल्या.

“मी दिलेल्या गोळ्या टाकल्या कुठे?”

“तुळशीत.”

“अगो बाय! म्हणजे तुळशीचं बीपी नॉर्मल, आणि ह्यांचं...” बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. “बाकीचा मरांदे! माका घोव जितो होयो!” नवरा जिवंत हवा, बाकी काही नको.

परबांनी तिथेच बाटलीतल्या पाण्याबरोबर गोळी गिळली.

रक्त तपासलं तर शुगरही वाढलेली. सिगारेट सोडायला लावली, ईसीजी काढला. बीपी ताब्यात आल्यावर ‘त्या’ त्रासाचीही गोळी दिली. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्यांनी मात्र ही ‘त्या’ त्रासाची गोळी कधीच घ्यायची नाही, जिवावर बेतेल. परबांना ती अडचण नव्हती. पुढच्या खेपेला वहिनी माझ्यासाठी सोलकढी घेऊन आल्या. परबांच्या गप्पाही परत सुरू झाल्या होत्या.

त्या दिवशी बाहेर बसलेले चौघे नंतर एकेकटे येऊन गेले. कुणीच काही ऐकलं नव्हतं म्हणे. फक्त प्रत्येकाला बीपीची गोळी बदलून हवी होती. त्यातल्या दोघांना तर बीपीची गोळी कधी चालूच नव्हती.

तेव्हापासून डोस वाढवण्याआधी ‘वाट लागली का?’ हा प्रश्न मी स्वतःच विचारते. पुरुष माणूस मरेल, पण आपणहून सांगणार नाही.