मोटारीचा पोळा

अकोल्याच्या मोटारीचा डायव्हर रोज इंजिनातलं तेल मोजायची काडी स्वतःच्या धोतराला पुसून पाही, रेडिएटर तोंडोतोंड भरी, मगच गाडी हाले. मग आत डिप्टीसाहेब घामाघूम होवोत, की माझ्या टोपलीतली मेथी सुको.

पोळ्याच्या दिवशी मोटारमालकाने जादा खेप सांगितली.

"आज हिचाबी पोळा हाये," डायव्हर म्हणाला.

"मंग उद्यापासून येऊ नोको!"

डायव्हर गाडीखाली सरकला आणि त्याने इंजिनाचं बूच काढलं. जुनं, काळं तेल भळाभळा घमेल्यात पडू लागलं. आता तेलावाचून गाडी हलणार नव्हती.

मी चिडलो. "माही भाजी सडून राहिली ना, भाऊ!"

"तुमी आज बैलं कावून नाई जुपले?" त्याने खालूनच विचारलं.

टोपली मी डोक्यावर आणली होती. डोक्यावरच परत नेली.