काकूंची अर्धी गोळी

इथं परदेशात, जॉन्सनव्हिलला आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहणाऱ्या काकूंकडे गेलं, की चहाआधी दुखणं विचारलं जाई. काही दुखत नाही म्हटलं तर काकू खट्टू होत. मग आपणच वेळ निभावून न्यायला मान, पाठ, काहीतरी पुढे करायचं. लगेच श्रीखंडाचा रिकामा डबा बाहेर येई. त्यात पुण्याहून आणलेल्या, काकांच्या उरलेल्या आणि हा देश सोडून जाणाऱ्या शेजाऱ्यांनी देऊन टाकलेल्या गोळ्या गुण्यागोविंदाने नांदत.

औषध टाकणं त्यांच्या लेखी अन्न टाकण्याइतकंच पाप. आणि मात्रा सगळ्यांना एकच. "अर्धी घे गं, अर्धीनं काही होत नाही." त्यांच्या माघारी आम्ही त्यांना 'अर्धीगोळी काकू' म्हणत असू. ते त्यांच्या कानावर होतंच. "पूर्ण गोळी डॉक्टरनं द्यावी, अर्धी घरच्यांनी," हे त्यांचं उत्तर. जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळेपर्यंत आजार कंटाळून निघून जातो, असंही त्या म्हणत. ते मात्र खरं होतं.

काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डब्यात एक नवी, जालीम गोळी दाखल झाली. काकांनी थोड्याच घेतल्या. डबीवर 'झोप येईल' असा इशारा होता. "झोप येते म्हणून कुणी घाबरवतं का?" काकू मला म्हणाल्या. "इथं निम्म्या बायका झोपेसाठी तळमळतायत!"

त्या वर्षी गणपतीचं जेवण काकूंकडे होतं. माझ्या नवऱ्याने, मंदारने, आदल्या आठवड्यात एकट्याने सोफा उचलायचा पराक्रम केला होता. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, तरी पाठ ठणकत होती. सकाळी आरास करताना काकूंनी त्याला काकांची अर्धी दिली. आरतीआधी आणखी अर्धी. पानं वाढताना पुन्हा अर्धी. अर्धी म्हणजे न घेतल्यासारखीच, त्यामुळे ना त्यांनी मोजली, ना त्याने.

पुरणपोळ्या हाणून तो आडवा झाला आणि घोरू लागला. "पुरण अंगावर आलं!" म्हणून सगळे हसले. मीही हसले. "झोपू द्या रे, कुणी उठवू नका," काकूंनी पोरांना दटावलं आणि शाल घालायला गेल्या. तिथूनच त्यांनी मला हाक मारली. घोरणं मध्येच थांबत होतं आणि बराच वेळ परत सुरू होत नव्हतं. ओठ निळसर दिसत होते. आम्ही दोघींनी गदागदा हलवलं, तरी तो उठेना. मी अँब्युलन्ससाठी १११ ला फोन लावला.

अँब्युलन्समधून आलेल्या मुलीने गोळ्यांचं ऐकून विचारलं, "हाऊ मेनी डिड ही टेक?"

"ओन्ली हाफ," काकू म्हणाल्या.

"हाऊ मेनी हाव्ज?"

काकू बोटं मोजू लागल्या आणि तिसऱ्या बोटावर आल्यावर त्यांनी अख्खा डबाच तिच्या हाती दिला.

इंजेक्शन दिल्यावर मंदारने डोळे उघडले आणि विचारलं, "पोळ्या संपल्या?"

हॉस्पिटलात कळलं, त्याच्या आणि काकांच्या गोळ्या एकाच अफूच्या घराण्यातल्या. एकत्र आल्या की श्वासच विसरायला लावतात. मला काकूंचा भयंकर राग आला होता. पण त्या माझा हात धरून म्हणाल्या, "माझ्या मायेनं मारला असता गं त्याला." मग दोघीही रडलो.

पुढच्या संक्रांतीला काकूंच्या हळदीकुंकवाचा निरोप आला, "घरातल्या उरलेल्या गोळ्या आणा, तरच वाण." बायका पिशव्या भरभरून घेऊन आल्या. काकूंनी तो ढीग स्वतः फार्मसीत नेऊन दिला. "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या भाषेत 'झकास', असं म्हणत फार्मसिस्टने तो ठेवून घेतला. त्याला तिळगूळ मिळाला.

आणि रोज दुपारी काकूंचा फोन येऊ लागला. "जागा आहे ना तो?" शनिवार-रविवारी मंदारचा नुकताच डोळा लागलेला असे. "या बाईनं एकदा झोपवलं, आता जन्मभर झोपू देणार नाही," तो करवादे. काकू-काका लेकाकडे दुसऱ्या शहरात, रोटोटुनाला राहायला गेले, तरी फोन सुटला नाही.

मागच्या रविवारी दुपारी फोन त्यांच्या लेकाचा आला. काकू जेवून पडल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. हृदय थांबलं होतं.

मंदारने मोबाइलवर काकूंचा नंबर काढून बघितला. मग म्हणाला, "त्यांना कुणी फोन केला नाही गं."