शीलाची तहान आणि गारांची दुपार

देवसिंग राठोड पुसदच्या एका शाळेत शिपाई. त्याच्या आणि शीलाच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण दोघांचा एकत्र फोटो घरात नव्हता. लग्नातला रोल उजेड लागून वाया गेला, नंतर राहूनच गेलं.

दोन वर्षांपूर्वी शीलाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पाणी दिवसाला दोन पेले, चहाही त्यातच. ते मोजून द्यायचं काम देवसिंगवर आलं. ती कायम तहानलेली असे. एकदा नळाखाली ओंजळ धरताना सापडली, तेव्हा त्यानं तिला हात धरून ओढलं. आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, आता हृदयही साथ सोडतंय. शीलाला कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्याच आठवड्यात ती म्हणाली, "मले तुमच्यासंगं एक फोटो काढाचा हाय. दवाखान्यातला नाई. आपल्या तांड्यावर, पळसाखाली."

गल्लीतली नाजिया लग्नांचे फोटो काढायची. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी शीलाला थोडं बरं वाटे, म्हणून तोच दिवस ठरला. शीलानं लग्नातला आरशांचा घागरा घातला. तो कमरेवर थांबेना, नाजियानं पिना लावल्या. तांड्यावर पोचून दोघं पळसाखाली बसली. नाजिया कॅमेरा लावत होती, तोच वारा सुटला आणि गारा कोसळल्या. देवसिंगनं शीलाला उचललं आणि तो भावाच्या गोठ्याकडे पळाला. मागून येताना नाजिया चिखलात पडली. कॅमेरा सुरूच होईना, तिचा मोबाइलही भिजून बंद पडला; देवसिंगचा फोन साधा, बटणांचा.

"पुढच्या आठवड्यात येऊ, भाऊ," ती म्हणाली.

देवसिंग भिंतीला टेकून खाली बसला. पुढचा आठवडा शीलाला मिळेलच असं नाही, हे त्यालाच ठाऊक होतं. "येवढंबी देऊ नये कोनी," तो स्वतःशीच बोलला आणि तोंडावर गमछा घेऊन रडू लागला.

शीलाचं लक्ष दाराशी घरंगळत आलेल्या गारांकडे होतं. तिनं एकदा गारांकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मागायचीही तिला भीती वाटत होती.

तो उठला. तसाच गारांत गेला, मूठभर वेचून आणल्या, सदऱ्याला पुसल्या आणि एक तिच्या जिभेवर ठेवली. तिनं डोळे मिटले. मग दुसरी. मग तिसरी.

"थंड हाय," ती म्हणाली. "आज पयल्यांदा तुमी न मोजता देल्लं."

गारा थांबेपर्यंत दोघं तशीच बसून होती. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं.

पुढच्या आठवड्यात तिला उठवेना. अकराव्या दिवशी शीला गेली. त्या गारांनीच तर नाही ना, हे त्यानं डॉक्टरांना दोनदा विचारलं. ते नाही म्हणाले, तरी त्याचा घोर गेला नाही. तेराव्याला दवाखान्याच्या कार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता.

नाजिया आली. "माफ करा भाऊ, माझ्याकडून तेवढा फोटो झाला नाही."

देवसिंग पायरीवर बसला होता. "पानी नसतं आलं तं फोटो निंगाला असता, अन् आमी घरी आलो असतो. मी पुन्हा पेला घेऊन बसलो असतो." त्यानं आपला तळहात उघडून पाहिला. "माह्या हातानं तिची तहान भागली, बाई. थे त्या गारांनी देल्लं."

 नाजिया त्याच्याशेजारी पायरीवर बसली.